बोटीची बॅटरी कोण खातंय?

ज्यांना हा भाग ऐकायला जमलं नाही, किंवा बंदरावर गेलं की ज्यांचं नेट गायब होतं, त्यांच्यासाठी हे लिहिलेलं रूप. बोलताना माझ्या तोंडून जे शंभर वेळा "ॲक्च्युअली" गेलं ते काढून टाकलंय. बाकी बहुतेक जसंच्या तसं आहे.

फोनपासून सुरू करू. फोनची बॅटरी दुपारीच उतरली तर आपण काय करतो? सेटिंगमध्ये जातो, बॅटरी उघडतो, तिथे यादीच असते. अमुक ॲपने इतके टक्के खाल्ले, तमुकने इतके. चोर सापडतो, त्याला बंद करतो, विषय संपला. बोटीवर अशी यादी नसते. तिथे फक्त एक दिवस पहाटे काका चावी फिरवतात, सेल्फ "टक्" करतो आणि गप्प बसतो. आणि मग सगळे एकमेकांकडे बघतात.

तर आज सांगायचं आहे ते हे, की मासेमारीच्या बोटीवर बॅटरी का उतरते, ते शोधायचं कसं, आणि शोधताना मी स्वतः किती मोठी चूक केली. चूक अशी, की ज्यात एका माणसाचे पैसे कापले गेले आणि बोट जवळजवळ गेली असती.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, बीटेक केलंय, पण घर दापोली तालुक्यात हर्णैजवळ. काकांची बोट आहे. फार मोठी नाही, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, बारा व्होल्टची एक बॅटरी, पाच-सहा माणसं. (मोठ्या ट्रॉलरवर दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट करतात. पुढे जे व्होल्टचे आकडे येतील ते तिथे दुप्पट धरायचे.) आजोबांच्या वेळी इंजिनाला हँडल मारायचे, त्यामुळे बॅटरी मेली काय आणि जगली काय, बोट सुरू व्हायची. आता हँडल नाही. सेल्फ नाही फिरला तर इंजिन नाही, आणि इंजिन नाही तर वाऱ्यावर आणि पाण्यावर सोडलेलं लाकूड.

झालं ते असं. वारा होता म्हणून बोट चार दिवस नांगरून होती. पाचव्या दिवशी सेल्फ रडत रडत फिरला, इंजिन लागलं, सगळे खूश. दोन तास गेले, जाळं टाकलं, इंजिन बंद केलं, रात्रभर दिवे, फिश फाइंडर, जीपीएस चालू. पहाटे वारा परत वाढायला लागला म्हणून जाळं ओढायचं ठरलं आणि सेल्फ गप्प. काकांनी व्हीएचएफ उचलला. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ती मला तेव्हा माहीत नव्हती. त्या रेडिओवर त्यांना बाकीच्या बोटींचं बोलणं ऐकू येत होतं, पण बटण दाबून बोलायला गेले की रेडिओच बंद पडत होता. ऐकायला अर्धा अँपिअरही लागत नाही. पूर्ण ताकदीने, म्हणजे पंचवीस वॅटने बोलायला पाच-सहा अँपिअर लागतात. अर्धमेली बॅटरी ऐकू देते, हाक मारू देत नाही.

जवळून दुसरी बोट जात होती म्हणून निभावलं. दोर लावून ओढत आणलं.

बंदरावर पंचनामा सुरू झाला. काकांचं म्हणणं, कुणीतरी रात्री दिवा चालू ठेवला असणार. बोट नांगरलेली असते तेव्हा तिच्यावर आमचा एक खलाशी झोपतो. नेपाळचा मुलगा आहे, वीस-एकवीस वर्षांचा. रत्नागिरी जिल्ह्याच्या बंदरांवर नेपाळी खलाशी पुष्कळ आहेत, तुम्हाला माहीतच असेल. साहजिकच बोट त्याच्याकडे. तो म्हणाला, "शेठ, दिवा मी बंद केला होता." मी फोनवर होतो. काकांनी मला विचारलं, "तू इंजिनिअर ना, सांग, दिवा रात्रभर राहिला तर बॅटरी उतरेल का?" मी लगेच हिशोब केला. जुना हॅलोजन दिवा पंचावन्न वॅटचा, बाराने भागलं की साडेचार अँपिअर, दहा तास, म्हणजे पंचेचाळीस अँपिअर-तास. शंभरच्या बॅटरीतली जवळपास निम्मी गेली. "हो काका, नक्की उतरेल."

हिशोब शंभर टक्के बरोबर होता. फक्त दिवा चालू राहिला होता याला पुरावा शून्य होता. त्याचे हजार रुपये कापले गेले. शिवाय बोटीवर मोबाइल चार्ज करायला बंदी आली. आणि नऊ-दहा हजारांची नवी बॅटरी आली.

दीड महिन्यात नवी बॅटरीही तशीच झोपली.

आधी आकडे काय म्हणतात ते

मग मी मल्टिमीटर घेऊन गावी गेलो. पुढे जाण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करू, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल.

बॅटरीवर जे शंभर एएच लिहिलेलं असतं ते अँपिअर-तास. साधारणपणे त्याचा अर्थ, पाच अँपिअर घेत राहिलात तर वीस तास. शंभर अँपिअर घेतलेत तर एक तास चालेल असं मात्र नाही, जास्त ओढलं की तिची क्षमता कमी भरते. आणि शंभरातले शंभर वापरायचेही नसतात. शिसं-आम्लाची बॅटरी अर्ध्याखाली वारंवार नेली की तिचं आयुष्य भराभर घटतं. म्हणजे हातात खरे पन्नास.

आता तुमचा फोन. त्याची बॅटरी पाच हजार एमएएच, म्हणजे पाच अँपिअर-तास. मग बोटीच्या बॅटरीतून पाच गेले का? नाही. फोनचा सेल पावणेचार-चार व्होल्टचा, बोटीची बॅटरी बाराची. तेवढीच ऊर्जा बारा व्होल्टला मोजली तर दीड-पावणेदोन अँपिअर-तास होते, चार्जरमध्ये वाया जाणारी धरून दोनच्या आसपास. पाच माणसांचे पाच फोन म्हणजे दहा. अगदीच नगण्य नाही, पण बोट बंद पाडेल इतकंही नाही. हे मी बंदी घालण्याआधी सांगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट, व्होल्ट. इंजिन बंद करून, सगळं बंद करून, दोन-तीन तास बॅटरी स्वस्थ ठेवायची आणि मग मोजायचं. १२.६ किंवा १२.७ आलं तर भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० आलं की पाव उरली. लोक "बारा व्होल्ट दाखवतंय, मग चांगली आहे" म्हणतात, तिथेच फसतात. बारा व्होल्टच्या बॅटरीत बारा म्हणजे जवळजवळ रिकामी! आत सहा सेल असतात, भरलेल्या प्रत्येकाचे २.१ व्होल्ट, म्हणून बेरीज १२.६.

ज्या बॅटरीत पाणी टाकता येतं तिथे हायड्रोमीटर जास्त खरं सांगतो. ग्रॅव्हिटी १.२६५ ते १.२८० म्हणजे भरलेली, १.२०० च्या आसपास आली की निम्मी. सहापैकी पाच सेल सारखे आणि एकच फार खाली असेल, तर तो सेल गेला, मग कितीही चार्ज करा. वापरायचं पाणी फक्त डिस्टिल्ड. बिसलेरीही नाही, नळाचंही नाही.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. बारा-साडेबाराच राहिले तर डायनॅमो चार्ज करत नाहीये. पट्टा सैल असेल, वायर निघाली असेल. मंद इंजिनावर तो तसाही फार देत नाही, त्यामुळे आकडा इंजिन जरा वाढवून बघायचा.

आमचे सगळे आकडे सुंदर आले. चार्जिंग १४.१. बॅटरी निरोगी. मग ती जातेय कुठे?

मोजलं, पण चुकीच्या वेळी

यालाच आपण फोनच्या भाषेत "बॅकग्राउंडला काहीतरी चालू आहे" म्हणतो. सगळं बंद असताना बॅटरीतून काय जातंय ते मोजायचं. पद्धत सोपी. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची आणि केबल व टर्मिनल यांच्या मध्ये मीटर घालायचा, म्हणजे सगळा प्रवाह मीटरमधून जाईल. लाल वायर मीटरच्या दहा अँपिअरच्या भोकात. आणि मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, तो दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. मीटरचा फ्यूज उडाला तर नशीब समजा.

आणि हो, बोटीच्या पोटात बॅटरीशी काम करताना आधी फळ्या उघडून हवा खेळू द्या. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला एक ठिणगी पुरते. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. पाना दोन्ही टर्मिनलना एकदम लागला तर तो तिथेच चिकटतो आणि लाल होतो.

मी हे सगळं नीट केलं. वाचन आलं ०.०४ अँपिअर. चाळीस मिलिअँपिअर, दिवसाला एक अँपिअर-तासही नाही. टेपची मेमरी वगैरे. मी जाहीर केलं, "बोटीत काही प्रॉब्लेम नाही." म्हणजे घूमफिरके परत तो पोरगाच.

आता माझी बोट कुठे होती ते ऐका. काम करायला सोपं जावं म्हणून काकांनी ती आंजर्ल्याच्या खाडीत आणून ओहोटीला चिखलावर बसवली होती. मी भर दुपारी, कोरड्यात बसलेल्या बोटीवर अर्धा तास मोजलं आणि निकाल दिला. आमच्या ऑफिसात कुणी असं केलं तर आम्ही हसतो. "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणणाऱ्या माणसाची आम्ही थट्टा करतो, आणि तेच मी केलं होतं.

निघताना तो खलाशी मला हळूच म्हणाला, "दादा, रात्री ती खाली घूं घूं करते." मी विचारलं, कोण? "पाण्याची मोटर." मी म्हटलं, अरे ती करणारच, पाणी साचलं की आपोआप चालते, त्यासाठीच लावलीय. तो म्हणाला, "खूप वेळा करते." मी हो हो म्हणून पुण्याची गाडी पकडली. त्याने हे काकांनाही दोनदा सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

गाडीत खेडपर्यंत आलो आणि ते "खूप वेळा" डोक्यातून जाईना. एखादा बग कधी येतो, कधी येत नाही, तेव्हा आपण लॉग बघतो. इथे लॉग होता. रोज रात्री बॅटरीपासून चार फुटांवर झोपत होता. वाचला कुणी नव्हता.

रात्रीचं मोजमाप

पुढच्या शनिवारी परत गेलो. या वेळी क्लॅम्प मीटर घेऊन. तो वायरभोवती नुसता अडकवायचा असतो, काही सोडवावं लागत नाही. घेताना डीसी मोजणारा आहे ना ते बघून घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त घरच्या एसीवर चालतात, बॅटरीवर शून्य दाखवतात आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे.

संध्याकाळचा लिलाव आटपला, बोट नेहमीच्या जागी नांगरली, पाण्यात. काका घरी गेले. मी आणि तो खलाशी बोटीवर. त्याने भात आणि बांगडा केला. सगळी बटणं बंद. क्लॅम्प पॉझिटिव्ह केबलवर.

दहा चाळीसला खाली "टक्" झालं आणि घूं सुरू. मीटर शून्यावरून थेट ४.१ वर. एक मिनिट, दोन, तीन, चार. बंद. अकराला परत. अकरा वीसला परत. आम्ही दोघं फोनवर वेळ लिहीत बसलो. रात्रभर तेच, दर वीस मिनिटांनी चार मिनिटं.

करा हिशोब. वीसातली चार मिनिटं म्हणजे एक पंचमांश वेळ. ४ अँपिअरचा एक पंचमांश म्हणजे सरासरी ०.८. गुणिले चोवीस तास, १९ अँपिअर-तास रोज. रोज समुद्रावर गेलं की इंजिन ते भरून काढतं, कळतही नाही. पण वाऱ्यामुळे तीन-चार दिवस थांबलात, की साठ-सत्तर गेले. नंतर दोन तास इंजिन चालवून ते भरत नाहीत, कारण ही बॅटरी शेवटी शेवटी फार हळू चार्ज घेते. म्हणूनच आमची बॅटरी नेहमी सुट्टीनंतर मरत होती. आणि म्हणूनच ओहोटीला चिखलावर बसलेल्या बोटीत मला काही सापडलं नाही. तिथे पाणी आतच येत नव्हतं.

इथपर्यंत मी खूश होतो. चोर सापडला, पंपाचा फ्लोट स्विच अडकलाय, तीन-चारशे रुपयांचं काम. सकाळी मागची फळी उचलली. फ्लोट नीट होता. पंप खरोखर पाणीच उपसत होता. पंपाची जाळी खवले आणि जाळ्याच्या धाग्यांनी भरली होती, म्हणून एका मिनिटाच्या कामाला तो चार मिनिटं घेत होता. आणि पाणी येत होतं शाफ्टच्या ग्लँडमधून. पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथे ग्रीस लावलेली दोरी भरून नट आवळलेला असतो, ती ग्लँड. इंजिन चालताना तिथून थेंब थेंब पाणी यायलाच हवं, त्याने दांडा थंड राहतो. पण उभ्या बोटीत ते जवळपास थांबलं पाहिजे. आमच्याकडे धार लागली होती.

मी लिटरची बाटली अर्धी कापून खाली धरली आणि दोन-तीनदा भरून मोजलं. मिनिटाला जवळजवळ लिटरभर. दिवसाला चौदाशे लिटर.

म्हणजे बॅटरी उतरत होती हे दुखणं नव्हतंच. बोटीत पाणी चढत होतं, आणि बॅटरी बिचारी स्वतःला जाळून ते बाहेर फेकत होती. ती पूर्ण मेली असती तर पंप थांबला असता, आणि वर कुणी नसताना एका दिवसात दीड टनाच्या आसपास पाणी.

आता माझी दुसरी चूक सांगतो, जी सुदैवाने व्हायची राहिली. पहिल्या खेपेला मी काकांना सल्ला दिला होता, "एक मेन स्विच बसवू. रात्री जाताना सगळंच बंद. बॅटरी वाचेल." सामानही आणलं होतं. बसवला असता तर खरंच बॅटरी वाचली असती. भरलेली, १२.६ व्होल्टची, पाण्याखाली.

मेन स्विच जरूर लावा. पण पाणी उपसायच्या पंपाची वायर त्या स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून घ्यायची, मध्ये स्वतःचा फ्यूज घालून. बोटीवर कायम जिवंत राहायचा हक्क असलेली वस्तू ती एकच.

आणखी कोण कोण खातं

सगळ्यांच्या बोटीत ग्लँडच गळते असं नाही. शोधायची रीत मात्र तीच. रात्रभराच्या मोजमापात काहीतरी जास्त दिसलं, की फ्यूज काढत जायचं. एकेक काढत बसू नका. अर्धे काढा. आकडा पडला तर चोर त्या अर्ध्यात, नाही पडला तर उरलेल्यात. मग त्याचे अर्धे. सोळा सर्किट असतील तर चार फेऱ्यांत सापडतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर कुणीतरी फ्यूजबॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलाय. ॲम्प्लिफायर आणि इन्व्हर्टर यांच्या बाबतीत हे नेहमी होतं. इन्व्हर्टरला काही लावलं नाही तरी नुसता चालू ठेवला तर तो खातच राहतो.

डायनॅमोही खातो. आतला डायोड बिघडला तर इंजिन बंद असताना बॅटरी उलटी त्याच्यातून रिकामी होते. डायनॅमोच्या जाड वायरवर क्लॅम्प लावा, इंजिन बंद असताना तिथे काही अँपिअर दिसता कामा नयेत. बंद करून तासाभराने हात लावला आणि डायनॅमो बाकी इंजिनापेक्षा वेगळाच गरम लागला, तरी तोच संशय.

मग खारं पाणी. बॅटरीच्या डोक्यावर मीठ आणि ओल यांचा जो थर बसतो ना, तो वीज वाहून नेतो. मीटरची एक पिन निगेटिव्हवर आणि दुसरी नुसती बॅटरीच्या प्लास्टिकवर फिरवून बघा, व्होल्ट दिसले तर समजा बॅटरी स्वतःच्याच डोक्यावरून गळतेय. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पुसायचं, सोडा आत सेलमध्ये जाऊ द्यायचा नाही, कोरडं करायचं, टर्मिनलला ग्रीस.

आणि कळकलेली वायर. वरून प्लास्टिक चकचकीत, आत तांबं हिरवंगार. अशा वेळी बॅटरी उतरलेलीच नसते, पण सेल्फ फिरत नाही आणि बिल बॅटरीच्या नावावर फाटतं. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर वीज वायरमध्येच अडतेय. निगेटिव्ह बाजूलाही असंच. लग कापून नवा बसवा. जमलं तर मुलामा दिलेली, म्हणजे टिन्ड वायर वापरा. घरातली उरलेली वायर बोटीवर नको.

दिवे एलईडी करा. पंचावन्न वॅटच्या हॅलोजनच्या जागी दहा-पंधरा वॅटचा एलईडी बसला की साडेचार अँपिअरचा एक-सव्वा अँपिअर होतो. (मी डेकवर काम करायच्या दिव्याबद्दल बोलतोय. पाण्यावर एलईडीचा झोत टाकून मासे गोळा करण्यावर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. कमेंटमध्ये भांडू नका.)

बोटीवरची उपकरणं वाढतच जाणार आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात देशभरातल्या एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायची योजना सुरू झाली. ते बंद करून बॅटरी वाचवायचा विचारही करू नका. उलट त्याची गरज हिशोबात धरा. कागदावर लिहा, काय किती अँपिअर, किती तास. बेरीज बॅटरीच्या निम्म्याच्या आत बसली पाहिजे.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दोन बॅटऱ्या. एक फक्त सेल्फसाठी, दुसरी दिवे, रेडिओ आणि बाकी सगळ्यासाठी, मध्ये असा रिले की इंजिन चालू असताना दोन्ही चार्ज होतील आणि बंद झालं की वेगळ्या होतील. दिवे विझले तरी इंजिन सुरू होईल. आम्ही हेच केलंय. ती जुनी "मेलेली" बॅटरी चार्ज करून, सेल तपासून दुसऱ्या जागी लावली. ती मेली नव्हतीच.

सोलर लावू का, हे बरेच जण विचारतात. लावा. पन्नास वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला पंधरा अँपिअर-तासांच्या आसपास देतं, मध्ये चार्ज कंट्रोलर हवा. पण विचार करा, आमच्या बोटीवर ते आधीपासून असतं तर? १९ जातायत, १५ येतायत. बॅटरी आठवडाभर तगली असती आणि ग्लँडकडे कुणी बघितलंच नसतं. त्यामुळे आधी गळती शोधा, मग सोलर.

राहिला पावसाळा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे बंदी, बोटी वर ओढून शाकारतात. जाळी घरी येतात, इंजिनाला तेल लागतं, बॅटरी मात्र बोटीतच राहते. दोन महिने अर्धवट चार्जवर पडली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, आणि नारळी पौर्णिमेला "नवीन घ्यावी लागणार" ऐकू येतं. बॅटरी घरी आणा, पूर्ण चार्ज करा, महिन्यातून एकदा परत चार्ज करा. जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हे जुन्या लाकडी खोक्यांच्या बॅटरीचं, आजच्या प्लास्टिकला ते लागू नाही. पण पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, आत ॲसिड आहे.

आणि समुद्रात खरंच अडकलात तर बॅटरी पूर्ण मरायच्या आधी, सेल्फ वारंवार मारत बसायच्या आधी, व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर हाक मारा. रेडिओ कमी ताकदीवर, म्हणजे एक वॅटवर टाकला तर मरत्या बॅटरीवरही बोलता येतं, जवळच्या बोटीपर्यंत तरी पोहोचतं. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. पाठ करा, सेव्ह करू नका, फोनही उतरतो.

आमची ग्लँड त्याच सकाळी दोन्ही नट सारखे आवळून तात्पुरती थांबवली, पुढच्या उधाणाला खाडीत ओहोटीवर बसवून दोरी नवी भरली. पंपाची जाळी आता दर आठवड्याला साफ होते. पंप चालला की केबिनमध्ये छोटा लाल दिवा लागतो आणि एक साधा काउंटर एकाने पुढे सरकतो, असं मी जोडून दिलंय. सगळं मिळून चारशे रुपये.

काकांनी हजार रुपये परत दिले. तोंडाने काही बोलले नाहीत, ते बोलणारही नाहीत. मी त्याची माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "दादा, म्हणजे आता मोबाइल चार्ज केला तर चालेल ना?"

आता काउंटरचा आकडा तो मला रोज सकाळी व्हॉइस मेसेजने पाठवतो. काल रात्री पंप दोनदा चालला. परवा एकदा.

पुढच्या भागात फिश फाइंडर पाण्यातला मासा नेमका कसा "बघतो" ते बघू. तुमच्या बोटीवर किंवा ओळखीच्या बोटीवर बॅटरी उतरत असेल तर व्होल्टचे आकडे आणि बोट कुठे उभी होती ते लिहून पाठवा. कुठे उभी होती ते विसरू नका.